श्रवणतज्ज्ञ कसा घडला

शास्त्रांच्या इतिहासांत जन्मतिथि सांपडणें दुर्मिळ. ज्योतिषाचा आरंभ केव्हां झाला, व्याकरण प्रथम कोणीं शिकविलें, असे प्रश्न विचारले तर विद्वान् लोक शतकांच्या हिशेबानें उत्तरें देतात आणि त्यांतही एकमेकांशीं भांडतात. श्रवणशास्त्र, म्हणजे इंग्रजींत ज्यास ऑडिऑलॉजी म्हणतात तें, या बाबतींत अपवाद आहे. त्याचें नांव, त्याचे पहिले अध्यापक आणि त्याचे पहिले विद्यार्थी हे सारे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या दोन-चार वर्षांत आणि एकाच देशांत, अमेरिकेंत, निर्माण झाले. आज मुंबईस किंवा पुण्यास घरांतील एखाद्या वृद्ध गृहस्थांस कान तपासण्यासाठीं नेलें, तर त्यांस एका निःशब्द खोलींत बसवितात, कानांवर हेडफोन चढवितात, आणि कांचेपलीकडून कोणी तरुण किंवा तरुणी त्यांस सांगते कीं, आवाज आला कीं बोट वर करा. या तरुण तज्ज्ञाच्या विद्येचा वंशवृक्ष शोधीत गेल्यास तो पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील बटलर नांवाच्या लहानशा शहरीं, एका लष्करी रुग्णालयाच्या दारीं, जाऊन पोंचतो.

युद्धापूर्वीं कानाविषयींचें ज्ञान नव्हतें असें नाहीं. ज्ञान पुष्कळ होतें, पण तें निरनिराळ्या घरीं वाटलें गेलें होतें. कानाचा रोग शल्यवैद्याकडे, ध्वनीचें गणित पदार्थविज्ञानवेत्त्याकडे, श्रवणाचा अनुभव मानसशास्त्रज्ञाकडे, आणि बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकविण्याची कला शाळेंतील शिक्षिकेकडे. ‘ऑडिओमीटर’ हा शब्द १८७९ सालचा आहे. डेव्हिड ह्यूज यानें बनविलेल्या विद्युत्-यंत्रास तो लावण्यांत आला. परंतु दवाखान्यांत उपयोगी पडेल असें यंत्र येण्यास टेलिफोनचा धंदा वाढावा लागला. तारेंतून जाणारा आवाज कानास कितपत कळतो हें जाणण्याची गरज टेलिफोन कंपनीस होती, आणि त्या गरजेपोटीं १९२२ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ऑडिओमीटर निघाला. पहिलें यंत्र इतकें महाग होतें कीं तें मोजक्या ठिकाणींच गेलें; पुढच्या वर्षीं त्याची सुटसुटीत आवृत्ति निघाली व ती वैद्यांच्या हातीं आली. ज्या एककांत बहिरेपणा मोजतात त्या ‘डेसिबेल’मध्यें अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचें नांव गुंफलेलें आहे. बेलची आई बहिरी, पत्नी बहिरी, आणि त्याचा स्वतःचा मूळ व्यवसाय बहिऱ्यांना शिकविण्याचा. तेव्हां हें नामकरण योग्यच झालें म्हणावयाचें.

यंत्र आलें, पण तें चालविणारा कोण? आयोवा विद्यापीठांत कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाच्या आणि डीन या कर्णवैद्याच्या सहवासांत तयार झालेला कॉर्डिया बंच हा या प्रश्नाचें पहिलें उत्तर होय. बंच वैद्य नव्हता. तरीही त्यानें सुमारें वीस वर्षें रोग्यांचे कान मोजण्यांत घालविलीं आणि कोणत्या व्याधींत श्रवणाचा आलेख कसा उतरतो याचा मोठा संग्रह केला. अखेरीस तो शिकागोजवळ इव्हॅन्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत शिकवावयास आला आणि थोडक्याच काळांत, १९४२ सालीं, वारला. त्याचा ‘क्लिनिकल ऑडिओमेट्री’ हा ग्रंथ दुसऱ्या वर्षीं, त्याच्या पश्चात्, प्रसिद्ध झाला. अध्यापक गेला तरी वर्ग राहिला होता. तो चालविण्याचें काम त्याच विद्यापीठांतील तिशींतील एका प्राध्यापकाकडे आलें. त्याचें नांव रेमंड कारहार्ट. त्याचा विषय तोंवर वाणीचा, म्हणजे तोतरेपणा व उच्चारदोष सुधारण्याचा होता. श्रवणशास्त्राचा जनक म्हणून ज्याची आज ख्याति आहे तो मनुष्य या शास्त्रांत असा शिरला: दुसऱ्याचा अर्धवट राहिलेला तास घेण्यासाठीं.

इतक्यांत युद्धावरून माणसें परत येऊं लागलीं. तोफा, सुरुंग, विमानांचीं इंजिनें यांनीं ज्यांचे कान गेले असे तरुण सैनिक हजारोंच्या संख्येनें आले. अमेरिकन लष्करानें त्यांच्यासाठीं तीन रुग्णालयें नेमून दिलीं: बटलर येथील डेशॉन, ओक्लाहोमांतील चिकाशा येथील बॉर्डन, आणि कॅलिफोर्नियांत सँटा बार्बरा येथील हॉफ. आरमारानें फिलाडेल्फियाच्या आपल्या रुग्णालयांत तशीच सोय केली. कारहार्ट १९४४ सालीं लष्करी अधिकारी म्हणून डेशॉन येथें गेला आणि तेथील ध्वनिविभागाचा प्रमुख झाला.

या रुग्णालयांतील व्यवस्था पूर्वीं कोठेंच नव्हती, म्हणून ती थोडी सविस्तर पाहिली पाहिजे. शल्यवैद्य सैनिकाचा कान तपासी. ज्याचा कान औषधानें किंवा शस्त्रानें बरा होण्यासारखा नसे त्याचें काय करावयाचें हा खरा प्रश्न होता. त्याला कांहीं आठवडे ठेवून घेत. ओठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखण्याचा अभ्यास त्याजकडून करून घेत. जें थोडें ऐकूं येतें त्याचा पुरा उपयोग करण्याची संवय त्यास लावीत. स्वतःचा आवाज ऐकूं येईनासा झाला म्हणजे माणसाचें बोलणें हळूहळू बिघडतें. तें बिघडूं नये म्हणून निराळा पाठ असे. आणि या सर्वांबरोबर निरनिराळ्या कंपन्यांचीं श्रवणयंत्रें त्याच्या कानास लावून पाहत. हीं कामें करणारीं माणसें कोण होतीं? कोणी बहिऱ्यांच्या शाळेंतील शिक्षिका, कोणी मानसशास्त्राचा पदवीधर, कोणी रेडिओचें ज्ञान असलेला शिपाई, कोणी उच्चारसुधारक. प्रत्येकास आपला तुकडा येत होता, शेजाऱ्याचा येत नव्हता. रोजच्या कामांत ते एकमेकांचे विद्यार्थी झाले. पुढें जो विद्यापीठीय अभ्यासक्रम तयार झाला तो या शेजाराचीच नोंद होती असें माझें मत आहे. अमुक विषय का व तमुक विषय का, हें कोणा समितीनें तत्त्वतः ठरविलेलें नव्हतें.

डेशॉन येथें कारहार्टच्या मनांत जी गोष्ट पक्की ठसली ती मात्र तत्त्वाची होती. दोन सैनिकांचे शुद्ध स्वरांनीं काढलेले आलेख तंतोतंत सारखे असूं शकतात, आणि तरीही एकास समोरच्याचें बोलणें समजतें व दुसऱ्यास समजत नाहीं. आपल्या घरींही वडीलधारीं माणसें म्हणतात, “अरे, ऐकूं येतें, पण कळत नाहीं.” आपण त्यास म्हातारपणाचा हेका समजतों. हा हेका नव्हे, कानाच्या आंतल्या भागाचा खरा दोष आहे, आणि तो मोजावयाचा तर स्वरांनीं नव्हे, शब्दांनीं मोजला पाहिजे. म्हणून त्यानें श्रवणयंत्राची निवड भाषेच्या कसोटीवर केली. यंत्रानें आवाज किती वाढतो, मोठा आवाज कोठपर्यंत सोसवतो, गलबल्यांत बोलणें किती समजतें, आणि सारखे वाटणारे शब्द वेगळे ओळखतां येतात कीं नाहीं, अशा परीक्षा एकेक यंत्र लावून घ्यावयाच्या आणि सरस ठरेल तें सैनिकास द्यावयाचें. ही पद्धत त्यानें १९४६ सालीं प्रसिद्ध केली.

शास्त्राचें नांवही याच काळचें. ‘ऑडिऑलॉजी’ हा शब्द रूढ करण्याचें श्रेय सामान्यतः कारहार्ट व येलचा कर्णवैद्य नॉर्टन कॅनफील्ड या दोघांस, १९४५ च्या सुमारास, देतात. शब्दाचा पूर्वार्ध लॅटिन, उत्तरार्ध ग्रीक. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनीं नाक मुरडावें असाच हा संकर आहे. पण ज्या शास्त्राचें कूळच पांच-सहा घरांचें, त्याच्या नांवानें शुद्धतेचा आव आणला असता तर तेंच हास्यास्पद झालें असतें.

युद्ध संपल्यावर कारहार्ट इव्हॅन्स्टनला परतला. लष्करी सेवेंतून मोकळ्या झालेल्या तरुणांची फी व पोटापाण्याची सोय १९४४ च्या कायद्यानें सरकारनें पत्करली होती. त्यामुळें वर्ग भरण्याची चिंता नव्हती; आणि निवृत्त सैनिकांच्या खात्यानें काढलेल्या श्रवणचिकित्सालयांस माणसें हवीं होतीं, त्यामुळें नोकरीचीही नव्हती. नॉर्थवेस्टर्नमध्यें पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला, त्यास विद्यापीठाचें स्वतःचें चिकित्सालय जोडलें गेलें, आणि पहाटे ध्वनिशास्त्राचें गणित सोडविणारा विद्यार्थी दुपारीं प्रत्यक्ष बहिऱ्या माणसापुढें बसूं लागला. वाणीदोष सुधारणाऱ्या अध्यापकांची संस्था १९२५ पासून होती. तिनें १९४७ सालीं आपल्या नांवांत ‘श्रवण’ हा शब्द घातला.

विद्यार्थी काय शिके? आजही जें पहिल्या महिन्यांत शिकवितात तें एक उदाहरण म्हणून सांगतों. अगदी अंधुक ऐकूं येणारा स्वर शोधून काढावयाचा असेल, तर ऐकूं आला म्हणजे दहा डेसिबेल खालीं उतरावें, ऐकूं आला नाहीं म्हणजे पांच डेसिबेल वर चढावें, आणि असें करीत करीत उंबरठा गांठावा. ही रीत १९४४ सालीं ह्यूसन व वेस्टलेक यांनीं मांडली, आणि १९५९ सालीं कारहार्ट व त्याचा शिष्य जेम्स जर्गर यांनीं तिला शास्त्रशुद्ध नियमाचें रूप दिलें. वाचणाऱ्यास ही क्षुल्लक वाटेल. परंतु दोन निरनिराळ्या गांवच्या तपासनिसांनीं एकाच रोग्याचा कान मोजला असतां एकच आंकडा यावा, हें याच क्षुल्लक शिस्तीनें साधलें.

शब्दांच्या परीक्षेसाठीं हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत शब्दांच्या सूच्या तयार झाल्या होत्या. त्यांतील एका प्रकारच्या शब्दांस ‘स्पॉन्डी’ म्हणतात. हें नांव ग्रीक छंदःशास्त्रांतलें. दोन दीर्घ अक्षरांचा तो गण. आपल्या वृत्तशास्त्राच्या भाषेंत दोन गुरु, जसे ‘राजा’, ‘गंगा’. इंग्रजी भाषेंत काल मोजण्याऐवजीं आघात मोजतात, म्हणून ‘बेसबॉल’, ‘एअरप्लेन’ अशा दोन्ही अक्षरांवर सारखा जोर येणाऱ्या शब्दांस तें नांव दिलें. कवितेच्या तासाला कंटाळलेल्या किती तरी विद्यार्थ्यांस छंदःशास्त्र पुन्हा रुग्णालयांत भेटलें असेल!

येथवर सर्व सुरळीत चाललें होतें. पण ज्या हार्वर्डनें शब्दसूच्या दिल्या त्याच विद्यापीठांतून १९४७ सालीं एक अहवाल पुस्तकरूपानें निघाला आणि त्यानें या नव्या विद्येच्या मुळाशींच हात घातला. हॅलोवेल डेव्हिस प्रभृति संशोधकांनीं काढलेला निष्कर्ष थोडक्यांत असा: बहुतेक सर्व बहिऱ्यांस एकाच तऱ्हेचें श्रवणयंत्र, सर्व स्वर सारखे वाढविणारें किंवा उंच स्वर किंचित् अधिक वाढविणारें, चांगलें उपयोगी पडतें, प्रत्येक कानासाठीं यंत्र निवडीत बसण्याचें फारसें प्रयोजन नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेंही तशाच धर्तीचा अभिप्राय दिला, आणि १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होतांच तेथें ‘मेड्रेस्को’ नांवाचें सरकारी श्रवणयंत्र लोकांस फुकट वांटण्यास आरंभ झाला.

याचा अर्थ काय होतो तें पाहावें. एकच यंत्र सर्वांस चालत असेल तर तें देण्यास एखादा हुशार कारागीर पुरे. दोन वर्षें गणित, शरीररचना आणि मानसशास्त्र शिकलेला पदवीधर कशाला? आक्षेप लहानसहान नव्हता, आणि तो करणारे लोक शास्त्राचे शत्रूही नव्हते. कारहार्टचा पक्ष असा होता कीं, सर्वसाधारण नियम खरा असला तरी रोगी हा सर्वसाधारण नसतो. अमुक माणसास अमुक यंत्र अधिक मानवतें कीं नाहीं हें त्या माणसालाच तपासून ठरवावें लागतें. वाद वर्षानुवर्षें चालला. त्यांत १९६० सालीं शोर, बिल्जर व हर्श यांनीं एक साधा प्रश्न विचारला: आज जें यंत्र सरस ठरतें तेंच दुसऱ्या दिवशीं पुन्हा तपासलें असतां सरस ठरतें काय? त्यांचें उत्तर निराशाजनक होतें. परीक्षेचे आंकडे इतके स्थिर नव्हते कीं त्यांच्या जोरावर यंत्रायंत्रांतला सूक्ष्म भेद सांगतां यावा, आणि त्यासाठीं तासन् तास खर्च करणें समर्थनीय ठरावें.

माझ्या मतें या शास्त्राच्या शिक्षणास सर्वांत मोठी मदत या प्रतिपक्षानेंच केली. यंत्र निवडणें हेंच ज्याचें कौशल्य, त्याचें कौशल्य काढून घेतलें म्हणजे त्यास दोनच मार्ग उरतात: दुकान बंद करणें, किंवा आपण खरोखर कशासाठीं आहों याचा विचार करणें. श्रवणशास्त्रज्ञांनीं दुसरा मार्ग धरला. एका बाजूनें ते माणसाकडे वळले. यंत्र दिल्यानंतरचे महिने, घरच्यांचें वागणें, यंत्र खणांत टाकून देणारा रोगी, हे विषय अभ्यासक्रमांत शिरले. दुसऱ्या बाजूनें ते निदानाकडे वळले. दोष कानाच्या पडद्यामागें आहे, शंखाकृति नलिकेंत आहे, कीं त्यापुढच्या मज्जातंतूंत आहे, हें बाहेरून ओळखण्याच्या युक्त्या जर्गर आणि त्याच्या पिढीनें शोधल्या. कारहार्टनें स्वतः १९५० च्या सुमारास दाखविलें होतें कीं, कानांतील सूक्ष्म हाडें जखडणाऱ्या रोगांत अस्थिमार्गानें ऐकण्याच्या आलेखास २००० कंपनांजवळ एक खांच पडते. ती आजही त्याच्याच नांवानें ओळखतात. मेंदूकडे जाणाऱ्या मार्गांतील विद्युत्-स्पंदनें डोक्याच्या त्वचेवरून टिपण्याची रीत १९७१ सालीं आली, आणि निरोगी कान स्वतःच अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो हा चमत्कार डेव्हिड केंप यानें १९७८ सालीं सिद्ध केला. या दोन शोधांमुळें, ज्यास बोलतां येत नाहीं, बोट वर करतां येत नाहीं, त्या दोन दिवसांच्या तान्ह्या मुलाचा कान तपासणें शक्य झालें. बहिरें मूल तिसऱ्या वर्षीं ओळखलें जाणें आणि तिसऱ्या महिन्यांत ओळखलें जाणें, यांत त्या मुलाच्या भाषेचें, म्हणजे जवळजवळ सर्वस्वाचें, अंतर आहे.

व्यवहाराच्या बाजूस एक मौज होती. श्रवणयंत्र कोणतें घ्यावें हें सांगणारा तज्ज्ञ तें विकूं मात्र शकत नसे. त्याच्या संस्थेच्या नीतिनियमांनीं विक्री निषिद्ध ठरविली होती. ज्यानें सल्ला द्यावयाचा त्याचा नफ्याशीं संबंध नसावा हा विचार उदात्त खरा. पण परिणाम असा होई कीं, रोग्यास चिठ्ठी देऊन दुकानदाराकडे धाडावयाचें आणि मग त्याच्या कानांत काय बसविलें गेलें याची वार्ता नाहीं. हा निर्बंध १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उठला. त्यानंतर विद्यापीठांस धंद्याचें शिक्षणही द्यावें लागलें, आणि जुन्या पिढीच्या अध्यापकांस तें फारसें रुचलें नाहीं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि दोहोंचा मेळ घालणें कठीण वाटतें.

पदवीची पायरीही चढत गेली. १९५२ पासून संस्थेचें प्रमाणपत्र मिळूं लागलें. १९६५ पासून त्यासाठीं एम्. ए. च्या तोडीची पदवी आवश्यक झाली. कारहार्ट १९७५ सालीं वारला. १९८८ सालीं जर्गरच्या पुढाकारानें श्रवणतज्ज्ञांची स्वतंत्र अकादमी निघाली, आणि वाणीच्या अध्यापकांबरोबर चाळीस वर्षें चाललेला एकत्र संसार बराचसा वेगळा झाला. पुढच्या दशकांत ‘डॉक्टर ऑफ ऑडिऑलॉजी’ ही नवी पदवी आली. पदवीधर झाल्यावर सामान्यतः चार वर्षें. त्यांतलें शेवटचें जवळजवळ सर्व चिकित्सालयांत. प्रबंधाच्या पीएच्. डी. पेक्षां ही निराळी. दंतवैद्याच्या पदवीसारखी व्यवसायाची. २०१२ पासून अमेरिकेंत प्रमाणपत्रासाठीं डॉक्टर असणें अनिवार्य आहे. डेशॉनच्या रुग्णालयांत कांहीं आठवड्यांत एकमेकांपासून शिकलेल्या शिक्षिकेपासून येथवरचें हें अंतर पाहून प्रगतीचें कौतुक वाटतें, हें खरें. परंतु जन्मभर पदव्यांच्याच गांवांत राहिलेल्या माझ्यासारख्यास एक शंकाही येते. अभ्यास वाढला म्हणून पदवी वाढली, कीं कर्णवैद्याच्या शेजारीं ‘डॉक्टर’ म्हणून बसतां यावें म्हणून ती वाढली? दोन्ही कारणें होतीं. तान्ह्या मुलाची तपासणी, कानांत शस्त्रक्रियेनें बसविलेल्या यंत्राची जुळवणी, तोल जाण्याच्या विकारांची परीक्षा, हीं कामें दोन वर्षांच्या अभ्यासांत मावत नव्हतीं हें निर्विवाद आहे. मानाची भूकही तितकीच निर्विवाद आहे, आणि लांबलेल्या वर्षांचें कर्ज मात्र विद्यार्थ्याच्या माथीं बसतें.

आपल्याकडे हें शास्त्र १९६० नंतर लौकरच आलें, आणि तें आलें मुंबईस. नायर रुग्णालयास जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचें शिक्षण सुरू झालें. १९६५ सालीं केंद्र सरकारनें मैसूर येथें अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन केली. तेथें आधीं पदव्युत्तर वर्ग निघाला व पदवीचा त्यामागून. शिखर अगोदर बांधून पायऱ्या मागाहून खोदाव्या तसें. कारण उघड होतें: शिकविणारे तयार झाल्यावांचून शिकणाऱ्यांस कोण घेणार? १९८३ सालीं वांद्र्यास अली यावर जंग यांच्या नांवची राष्ट्रीय संस्था आली, आणि १९९२ च्या कायद्यानें पुनर्वसन परिषदेकडे या व्यवसायाची नोंदणी सोंपविली गेली.

अमेरिकेचा अभ्यासक्रम येथें आला खरा, पण तो अमेरिकेंतल्या त्या वेळचा. वाणी आणि श्रवण हीं तेव्हां तेथें एकाच छपराखालीं नांदत होतीं, आणि आपली चार वर्षांची पदवी त्या दोहोंची संयुक्त म्हणूनच घडली. पुढें अमेरिकेंत वाटणी झाली. आपल्याकडे पदव्युत्तर पायरीवर झाली, पदवीच्या पायरीवर राहून गेली. कोणी यास मागासलेपणा म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं एकच तज्ज्ञ मिळतो, आणि त्याच्या दारीं सकाळीं न बोलणारें मूल येतें व दुपारीं न ऐकणारे आजोबा. त्यास दोन्ही विद्या येत असलेल्या बऱ्या.

एक गोष्ट मात्र उचलून आणतां येण्यासारखी नव्हती, आणि ती म्हणजे शब्दांची सूची. ऑडिओमीटर कोणत्याही देशीं चालतो. १००० कंपनांचा स्वर शिकागोंत जसा तसाच साताऱ्यांत. ‘बेसबॉल’ आणि ‘हॉटडॉग’ हे शब्द साताऱ्याच्या आजीबाईंना ऐकवून उपयोग काय? त्या शब्द चुकल्या तर कान चुकला कीं भाषा, हें कसें ठरवावें? शिवाय ज्या आघातावर इंग्रजी स्पॉन्डी उभी आहे तो मराठींत शब्दाचें अंग नव्हे. आपलें वजन अक्षराच्या ऱ्हस्वदीर्घत्वांत आणि जोडाक्षरांत असतें. तेव्हां येथील अभ्यासकांस भाषांतर करून भागण्यासारखें नव्हतें. प्रत्येक भारतीय भाषेसाठीं नव्यानें शब्द गोळा करावे लागले. घरांत रोज कानांवर पडणारे, सर्व जातिवर्गांच्या ओळखीचे, ऐकावयास सारखेच सोपे किंवा सारखेच अवघड असे ते हवेत. आणि त्या भाषेंत जे ध्वनि ज्या प्रमाणांत येतात त्याच प्रमाणांत सूचींतही उतरावयास हवेत. मराठींतही अशा सूच्या झाल्या आहेत. त्यांत ‘च’ आणि ‘ज’ यांचे तालव्य व दंत्य असे दोन-दोन उच्चार सांभाळावे लागतात, आणि ‘ळ’ व ‘ण’ यांस जागा द्यावी लागते. प्रत्येक शब्द उमेदवार विद्यार्थी अगोदर चांगल्या कानांच्या माणसांवर पारखून घेतो, आणि मगच तो हेडफोनमधून आजीबाईंच्या कानीं घालतो.